व्हेनियर बसवून घेण्यापूर्वी

अकरावी-बारावीच्या पालकांकडून अलीकडे आम्हाला एक नवा प्रश्न ऐकू येतो : “समोरच्या दातांना व्हेनियर बसवून घेऊ का?” कुणाचा दात खेळताना तुटलेला असतो, कुणाच्या दातांवर लहानपणापासून डाग असतात, कुणाला दोन दातांमधली फट खुपते. वर्गाच्या फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा आहे, असे आम्ही मानत नाही. आम्ही दंतवैद्य नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले ते सुज्ञ पालकांपुढे व मोठ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहोत.

शब्द आपल्या ओळखीचाच आहे. साध्या फळीवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, त्याला सुतार व्हेनियर म्हणतात. दातांचेही तसेच. चिनी मातीसारख्या पोर्सेलिनचा किंवा कंपोझिट नावाच्या पदार्थाचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा दाताच्या समोरच्या बाजूवर चिकटवतात. अमेरिकेत १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने सिनेनटांसाठी असे पापुद्रे केले. ते चित्रीकरणापुरते टिकत, मग काढून ठेवावे लागत. पुढे १९५५ मध्ये मायकल ब्युओनोकोर यांनी दाखवले, की आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केला तर त्यावर पदार्थ पक्का धरतो. त्याच पायावर १९८० च्या दशकात पोर्सेलिनचे कायम टिकणारे व्हेनियर आले.

आता मुख्य गोष्ट. पापुद्रा बसायला जागा लागते, म्हणून बहुतेक वेळा दाताचा वरचा थर थोडा घासावा लागतो, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण तो थर म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, आणि समोरच्या दातावर हिरडीजवळ तो जेमतेम तेवढाच जाड असतो. नख वाढते, हाड सांधते. इनॅमल मात्र पुन्हा येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. म्हणजे एकदा घासलेला दात पुढे कायम कशाने तरी झाकून ठेवावा लागतो. पोर्सेलिनचे व्हेनियर चांगले सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून अधिक टिकते. कंपोझिटचे साधारण पाच-सात वर्षे. सतराव्या वर्षी बसवले तर आयुष्यात ते किती वेळा बदलावे लागेल, याचा हिशेब आमचे सातवीचे विद्यार्थीही करून देतील.

लहान वयाची आणखी एक अडचण आहे. या वयात दाताच्या आतली नस मोठी व पृष्ठभागाच्या जवळ असते, हिरड्याही अजून पुरत्या स्थिरावलेल्या नसतात. म्हणून या वयात दंतवैद्य बहुधा पोर्सेलिनऐवजी, दात न घासता किंवा अगदी थोडा घासून, कंपोझिट लावून काम भागवतात. ते दिसायला थोडे कमी असेल. पण पुढचे मार्ग मोकळे राहतात.

काम दोन-तीन भेटींत होते. पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे, फोटो व माप. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्याचा उपचार. दात उजळ करायचे असतील तर तेही आधीच, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबून. कारण पोर्सेलिनचा रंग मागाहून बदलत नाही. नमुना तोंडात लावून दाखवता येतो, तो अवश्य मागावा. दुसऱ्या भेटीत दात घासून माप घेतात व तात्पुरते आवरण देतात. प्रयोगशाळेतून व्हेनियर यायला एक-दोन आठवडे लागतात. शेवटच्या भेटीत चिकटवण्यापूर्वी आरसा मागून रंग व आकार नीट पाहावा, संकोच करू नये. एकदा निळ्या प्रकाशाखाली सिमेंट घट्ट झाले, की काढायचे तर ते पुन्हा घासूनच काढावे लागते. नंतर काही दिवस थंड-गरम लागणे, उच्चार किंचित अडखळणे, हे साधारणपणे होते. चावताना दात आधी टेकत असेल तर लगेच दाखवावे.

काही ठिकाणी व्हेनियरच्या नावाखाली दात चारही बाजूंनी कोरून त्यावर पूर्ण टोपी, म्हणजे क्राउन, बसवतात. त्यात दाताचा कितीतरी अधिक भाग जातो. “किती घासणार आणि कोणत्या बाजूने?” हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा, आणि उत्तर देणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य असावी. खर्च दर दातामागे सांगितला जातो, तो लिहून घ्यावा. दुसरे मत हवे असेल तर आपल्या इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

डागांविषयी थोडे. झाबुआ-धारकडच्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर समोरच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. त्यात मुलाचा आळस नसतो, तेव्हा “दात नीट घासत नाहीस” म्हणून रागावू नये. फिकट डाग अनेकदा वरवर घासून, उजळ करून पुष्कळ कमी होतात. घरात धाकटे भावंड असेल तर पाणी तपासून घ्यावे. फ्लोराइड उकळून जात नाही.

व्हेनियर बसवल्यावर समोरच्या दातांनी भुट्टा, ऊस, कडक पेरू सोलणे-तोडणे बंद. भुट्ट्याचा कीस खुशाल खावा. पेनचे टोपण चावणे, नखे कुरतडणे, सुपारी फोडणे हेही बंद. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगावे, रात्री लावायची पट्टी मिळते. ब्रश मात्र रोज दोनदा करायचाच, कारण व्हेनियरला कीड लागत नसली तरी त्याच्या कडेला उरलेल्या दाताला लागते.

आणि मैदानावर कुणाचा पक्का दात तुटला, तर तुकडा शोधून दुधात ठेवावा व मूल आणि तुकडा दोन्ही त्याच दिवशी दंतवैद्याकडे न्यावे. पुष्कळदा तोच तुकडा परत चिकटवता येतो.