चार दिवसांचा थाट, कायमचा कचरा

व्यापारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून समारोपाची घोषणा होते, पाहुणे बाहेर पडतात आणि तासाभरात सभागृहाचा नूर पालटतो. दुपारपर्यंत ज्या चकचकीत भिंतींसमोर छायाचित्रे काढली जात होती, त्यांच्यावर हातोडे पडू लागतात. मध्यरात्री मागच्या दाराशी प्लायवूडचे तुकडे, फाटलेले फ्लेक्स आणि गालिच्याच्या गुंडाळ्या यांचा ढीग लागतो. पहाटे ट्रक तो उचलून नेतो. पुढच्या आठवड्यात त्याच जागी दुसरे प्रदर्शन उभे राहते, बहुतेक सगळे साहित्य पुन्हा नवे घेऊन.

प्रदर्शनातील सर्वांत लहान स्टॉल साधारणपणे तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे नऊ चौरस मीटरचा असतो. असे ५०० स्टॉल धरले, तरी नुसत्या स्टॉलच्या जमिनीवर ४,५०० चौरस मीटर, म्हणजे एकराहून जास्त गालिचा लागतो. मधल्या वाटांचा हिशेब वेगळाच. हा गालिचा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो. तो दुहेरी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतात आणि तीन-चार दिवसांनी ओरबाडून काढतात. चिकटपट्टीचा डिंक आणि धूळ लागलेला असा गालिचा पुन्हा वापरणे अवघड होते.

फ्लेक्सची अडचण निराळी आहे. त्यात पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर बसवलेला असतो. ही दोन द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करणे कठीण असल्याने त्याचा पुनर्वापर फारसा होत नाही. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते. त्यामुळे फ्लेक्स उघड्यावर जाळला, तर हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक रसायने हवेत मिसळतात. देशात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पण फ्लेक्स सहसा याहून जाड असल्याने तो या बंदीतून सुटतो.

पहिला फटका कामगारांना

या थाटाची किंमत सर्वांत आधी मोजतात ते स्टॉल उभारणारे सुतार, रंगारी आणि मदतनीस. एमडीएफ आणि बऱ्याचशा प्लायवूडमध्ये लाकूड जोडण्यासाठी फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ वापरतात. माल नवा असताना आणि हवा उष्ण-दमट असताना त्यातून हा वायू अधिक बाहेर पडतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे हा त्याचा तात्काळ परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड, लाकडाची भुकटी आणि डिझेलचा धूर या तिन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. उभारणीच्या रात्री बंद सभागृहात करवत, रंगाचा फवारा आणि मालवाहू गाड्या एकाच वेळी चालू असतात आणि वातानुकूलन अनेकदा बंद असते. पाहुणा येतो तेव्हा हवा खेळती झालेली असते. कामगाराच्या वाट्याला मात्र वर्षभर, एकामागून एक अशाच रात्री येतात.

तोडणे सोपे, सोडवणे अवघड

हे सामान वाया का जाते, याचे उत्तर साहित्याइतकेच वेळापत्रकातही आहे. सभागृहाचे भाडे तासांवर असते आणि पुढचे प्रदर्शन दाराशी उभे असते. एका रात्रीत जागा रिकामी करायची, तर स्क्रू सोडवत बसण्यापेक्षा हातोडा लवकर काम करतो. शिवाय तो स्टॉल कोणाचाच नसतो. कंपनीने त्याचे पैसे मोजलेले असतात, पण ठेवायला तिच्याकडे गोदाम नसते. ठेकेदाराला त्याचा मोबदला मिळालेला असतो.

याउलट आपल्याकडचा मंडपवाला पाहा. त्याचे बांबू, लोखंडी पाइप, कनाती, दोर आणि खुर्च्या वर्षानुवर्षे लग्नातून गणेशोत्सवात आणि तिथून सभेला फिरत असतात. सामान त्याचे स्वतःचे आणि कमाई भाड्याची, म्हणून तो प्रत्येक कनात जपून उतरवतो. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाची इमारतही याच तत्त्वावर होती. जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काचेच्या एकसारख्या सुट्या भागांतून क्रिस्टल पॅलेस उभारला. प्रदर्शन संपल्यावर तो उतरवून सिडनहॅम येथे पुन्हा उभा केला गेला आणि १९३६ च्या आगीपर्यंत तिथे टिकला.

आजचा पर्याय म्हणजे ॲल्युमिनियमचे खाचांचे खांब आणि त्यांत बसणारे ताणलेले कापड. ही चौकट अनेक प्रदर्शनांत चालते आणि निकामी झाल्यावर वितळवता येते. पुनर्वापरातील ॲल्युमिनियमला खनिजापासून ते बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. छापील कापडावर वर्ष आणि प्रदर्शनाचे नाव टाकले नाही, तर तेही पुढच्या वेळी चालते. मात्र बांबू किंवा तागाचा स्टॉल एकदाच वापरून फेकला, तर तो केवळ नावापुरता ‘हरित’ ठरतो. स्टॉल किती वेळा उभा राहतो, ही खरी कसोटी आहे.

आयोजकांच्या हातात बरेच काही आहे. उतरवणीला काही तास अधिक देणे, स्टॉलधारकाकडून अनामत घेऊन मागे कचरा न सोडल्यास ती परत करणे, आणि वाटांवरचा गालिचा वगळणे, ही कामे नव्या तंत्रज्ञानाशिवाय होऊ शकतात. लंडन ऑलिम्पिकच्या वर्षी, २०१२ मध्ये, शाश्वत कार्यक्रमांसाठी आयएसओ २०१२१ हे मानक आले. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत या उद्योगाने २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याची प्रतिज्ञा जाहीर केली.

त्या हिशेबात एक मोठा वाटा सभागृहाबाहेरचा आहे. मोठ्या, विशेषतः आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत पाहुण्यांचा विमान आणि मोटारींचा प्रवास बहुधा सर्वाधिक कार्बन सोडतो. त्यामुळे जागेची निवड महत्त्वाची ठरते. मुंबईत गोरेगाव आणि वांद्रे-कुर्ला संकुल या दोन्ही प्रदर्शन परिसरांपर्यंत आता मेट्रो पोहोचली आहे. निमंत्रणपत्रिकेवर वाहनतळाच्या नकाशाआधी मेट्रो स्थानकाचे नाव छापायला वेगळा खर्च येत नाही. आणि पाहुण्यानेही लागेल तेवढेच माहितीपत्रक घेतले, फुकटची पिशवी नाकारली, तर पहाटेच्या त्या ट्रकमधला ढीग थोडा तरी कमी होईल.