इंटरनेटला लगाम हवा का?

डिलाईल रोडवरच्या चाळीत बातमी कशी पसरते, हे तुम्ही पाहिले आहे काय? खाली नळावर कुणी काही बोलले, की बादली भरण्याआधीच ते तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पोहोचते! पण त्यात एक सोय असते. बोलणारा कोण, हे सर्वांना ठाऊक असते. बातमी खोटी निघाली, तर त्याला जाब विचारता येतो. शिवाय ती जाऊन जाऊन जाणार कुठे? फार तर करी रोड स्टेशनापर्यंत!

मोबाईलवरचा निरोप मात्र मुळात कुणी लिहिला, हे बहुधा कळतच नाही. आणि त्याचा वेग? वही-पेन्सिल घ्या. समजा, तुम्ही एक निरोप वीस जणांना पाठविलात आणि त्यांतील प्रत्येकाने तो आणखी वीस नव्या माणसांना पाठविला. चौथ्या पायरीवर तो किती जणांकडे जाईल? २० × २० × २० × २०, म्हणजे १,६०,००० जणांकडे! आता वीसच्या जागी पाच घाला. उत्तर येते फक्त ६२५.

भौतिकशास्त्रात हिला साखळी प्रक्रिया म्हणतात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीत एक न्यूट्रॉन युरेनियमचा अणू फोडतो. त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन निघतात व ते आणखी अणू फोडतात. प्रक्रिया हाताबाहेर जाऊ नये म्हणून न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे वापरतात. दांडे नसतील तर धोका. पण सगळे दांडे पूर्ण आत ढकलले, तर भट्टीच बंद पडते!

इंटरनेटचेही असेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती भटक्या समाजातील, भिक्षा मागणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या सुमारास मोबाईलवरून पसरली होती. केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला खडसावले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. वर केलेले गणित आठवते ना?

मग सरकारने नियंत्रण करावे, हे ठरलेच की! थांबा, घाई करू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली, दुसरीने त्याला पसंती दिली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ या कलमात ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण त्रास कशाला म्हणायचे? तुम्हांला जो विनोद वाटतो, तो शेजाऱ्याला त्रास वाटू शकतो. फूटपट्टीवर खुणाच नसतील, तर मोजमाप कसे होणार? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. चर्चा करणे किंवा मत मांडणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र ठरावीक कारणांसाठी, ती लेखी नोंदवून, मजकूर रोखण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नवा नियम केला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारचाच एक विभाग ठरविणार होता. म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा! सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला.

यातून काय दिसते? नियंत्रक दांडा न्यूट्रॉनला ‘तू कुणाच्या बाजूचा?’ असे विचारीत नाही. तो फक्त संख्या आवरतो. पाचाची मर्यादाही निरोप वाचीत नाही. अशा नियंत्रणाचा धोका कमी असतो. पण मजकूर वाचून खरे-खोटे ठरवावयाचे, तेव्हा अधिकार मोठा होतो. म्हणून मला वाटते, नियंत्रण हवे. पण कायद्याचे शब्द नेमके हवेत, कारणे लेखी हवीत आणि न्यायालयाचे दार उघडे हवे.

तुमचे मत वेगळे असू शकेल. वर्गात या विषयावर वादविवाद घ्या. पण तोपर्यंत एक गोष्ट तुमच्या हातात आहे. खात्री नसलेला निरोप आला, तर तो पुढे पाठवू नका. साखळीतली एक कडी तुटली, तर तिच्या पुढची सारी गणिते शून्य होतात. यासाठी ना कायदा लागतो, ना पोलीस!