लाइनिंगन आणि आपल्या प्रोग्रामची नोंदवही

 

मागच्या भागात आपण फंक्शनल प्रोग्रामिंगची मूळ शिस्त पाहिली. एकदा ठरलेलं मूल्य बदलायचं नाही, आणि एकाच फंक्शनला तेच इनपुट दिलं की उत्तर दर वेळी तेच यायला हवं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. प्रोग्राम तर शिस्तीत लिहिला, पण तो दुसऱ्याच्या मशीनवर तसाच्या तसा उभा राहील याची खात्री काय? "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. त्यावरचा एक इलाज म्हणजे आजचा विषय, लाइनिंगन.

लाइनिंगन हे क्लोजर भाषेचं साधन आहे. रिच हिकी यांनी २००७ मध्ये क्लोजर लोकांपुढे आणली. ती जाव्हाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते, त्यामुळे जाव्हाची वर्षानुवर्षं जमलेली सगळी लायब्ररी तिला वापरता येते. आपल्याकडे पुण्यात सुरू झालेली हेल्पशिफ्ट ही कंपनी क्लोजर वापरणारी म्हणून ओळखली जाते. तेव्हा हे प्रकरण काही परदेशापुरतं नाही.

इथे आमेरच्या वर जयगड आहे. त्या किल्ल्यात तोफा ओतण्याचा स्वतःचा कारखाना होता. १७२० मध्ये ओतलेली जयवाण तोफ तिथे आजही पाहायला मिळते. पाण्याची टाकी आत, तोफांचा कारखानाही आत. आजचं सॉफ्टवेअर असं बनत नाही. तुम्ही पाचशे ओळी लिहिता आणि बाकीचा भार दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींवर टाकता. डेटाबेसशी बोलायला एक, वेब सर्व्हरसाठी एक, नोंदी लिहायला एक. यांना डिपेन्डन्सी म्हणतात. त्या आणणं, योग्य आवृत्ती निवडणं, चाचण्या चालवणं आणि शेवटी सगळं बांधून एक पुडकं तयार करणं, ही कामं लाइनिंगन करतं.

फिल हेगलबर्ग यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. नावाची गंमत सांगतो. जाव्हाच्या जगात प्रोग्राम बांधायचं जुनं साधन होतं 'अँट', म्हणजे मुंगी. आणि कार्ल स्टीफन्सन यांच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत ब्राझीलमधला लाइनिंगन नावाचा मळेवाला मुंग्यांच्या फौजेशी झुंजतो. मुंगीला टक्कर देणारा, म्हणून हे नाव.

आता काम कसं चालतं ते पाहू. प्रत्येक प्रकल्पात 'प्रोजेक्ट डॉट सीएलजे' नावाची एक फाइल असते. तिच्यात प्रकल्पाचं नाव, त्याची आवृत्ती आणि हव्या असलेल्या लायब्ररींची यादी, प्रत्येकीच्या नेमक्या आवृत्तीसह. फौजेतली मंडळी याला इंडेंट म्हणतील. 'लाइन टेस्ट' म्हटलं की ते यादी वाचतं, जे सामान मशीनवर नसेल ते मेव्हन सेंट्रल आणि क्लोजार्स या भांडारांतून आणतं आणि चाचण्या चालवतं. 'लाइन उबरजार' म्हटलं की तुमचा प्रोग्राम आणि सगळ्या डिपेन्डन्सी एकाच फाइलीत बांधून देतं. नवा माणूस रुजू झाला, त्याने ही फाइल घेतली, की तेच सामान त्याच्याही हाती.

इथवर सगळं सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. तुम्ही मागवलेल्या लायब्ररीलाही आणखी लायब्ररी लागतात, आणि त्यांनाही आणखी. यादीत लिहिता दहा, मशीनवर उतरतात कितीतरी जास्त. त्यात भांडण होऊ शकतं. समजा, तुम्ही 'क' आणि 'ख' मागवल्या. 'क' ला 'घ' ची जुनी आवृत्ती हवी. 'ख' ला 'ग' हवी, आणि त्या 'ग' ला 'घ' ची नवी आवृत्ती हवी. एका प्रोग्रामात 'घ' ची एकच आवृत्ती राहू शकते. मग कोणती? लाइनिंगन मेव्हनचाच नियम पाळतं: तुमच्यापासून जी कमी पायऱ्यांवर आहे ती जिंकते. इथे 'घ' ची जुनी आवृत्ती दोन पायऱ्यांवर, नवी तीन. म्हणजे जुनी आली. बांधताना तक्रार नाही. पण चालू प्रोग्रामात 'ग' ला हवं ते फंक्शन जुन्या 'घ' मध्ये नसेल, तर तो कोसळतो.

यासाठी 'लाइन डेप्स ट्री' ही आज्ञा आहे. कोण कोणाला घेऊन आलं याचा पूर्ण वंशवृक्ष ती समोर मांडते, आणि जिथे गोंधळ होऊ शकतो तिथे इशारा देऊन कोणती आवृत्ती वगळावी हेही सुचवते.

हे का महत्त्वाचं, ते डिसेंबर २०२१ ने दाखवून दिलं. जाव्हाची लॉगफोरजे ही नोंदी लिहिणारी लायब्ररी. तिच्यात असा दोष सापडला की बाहेरचा माणूस एक विशिष्ट मजकूर पाठवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. गांभीर्य दहापैकी दहा. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण अनेक ठिकाणी पहिला प्रश्न हाच होता की ही लायब्ररी आपल्याकडे आहे का? यादीत तर ती कोणी लिहिलेलीच नव्हती. दुसऱ्याच कोणाबरोबर ती आत आली होती.

दारूगोळ्याच्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला की हुकूम येतो, हा लॉट वापरू नका. ज्याची नोंदवही चोख, तो लगेच सांगतो की या लॉटच्या इतक्या पेट्या अमुक कोठारात आहेत. ज्याची नाही, तो सगळी कोठारं उघडत बसतो, आणि तोवर धोका कायम. 'प्रोजेक्ट डॉट सीएलजे' आणि तो वंशवृक्ष ही तुमच्या प्रोग्रामची लॉट नंबरची वही आहे.

तरुण मित्रांना तीन सवयी सांगतो. एक, आवृत्ती नेमकी लिहा. "अमुकच्या पुढची कोणतीही" असं लिहू नका, आणि 'स्नॅपशॉट' म्हणजे कच्ची, मागाहून बदलू शकणारी आवृत्ती पक्क्या कामात घेऊ नका. क्लोजार्सवर पक्की आवृत्ती एकदा चढली की त्याच क्रमांकाने पुन्हा चढवता येत नाही. त्या शिस्तीचा फायदा घ्या. दोन, नवी लायब्ररी जोडली की वंशवृक्ष पाहा, इशारा आला तर तो त्याच दिवशी मिटवा. तीन, लायब्ररी जोडण्याआधी विचारा, हे काम वीस ओळींत मला स्वतःला जमेल का?

क्लोजरच्या मूळ संघाने पुढे 'टूल्स डॉट डेप्स' हे स्वतःचं साधन आणलं. अनेक नवे प्रकल्प ते वापरतात. त्याचा नियम वेगळा: भांडण झालं तर ते नवी आवृत्ती निवडतं. साधन कोणतंही घ्या, त्याचा नियम माहीत असू द्या. साधन सामान आणून देईल, पण कोणतं सामान आत घेतलं याचा जबाब शेवटी तुम्हालाच द्यायचा आहे.

पुढच्या भागात चाचण्या कशा लिहायच्या ते पाहू. तोवर आपापल्या प्रकल्पाचा वंशवृक्ष एकदा काढून बघा. जय हिंद.