मलेरियातली कावीळ: यकृताचा दोष किती?

पावसाळा अर्धा सरला की लॅबमधून असा एखादा रिपोर्ट घरी येतोच. वर ‘मलेरिया पॉझिटिव्ह, व्हायवॅक्स’ आणि खाली बिलिरुबिन ३.४, एसजीपीटी ११०. मलेरियाची धास्ती आता फारशी कोणी घेत नाही, पण खालचे दोन आकडे पाहून घरात गडबड उडते. ‘मलेरिया लिव्हरमध्ये गेला’ हा निदानाचा शेवटचा शब्द ठरतो आणि पुढचे पंधरा दिवस रोग्याच्या ताटातलं तेल-तूप बंद होतं.

मलेरिया लिव्हरमध्ये गेलेला नसतो. तो तिथूनच आलेला असतो.

अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून परजीवीची सुतासारखी बारीक रूपं कातडीत उतरतात. ती फार नसतात, बहुतेक वेळा काही डझन. त्यांतली काही रक्तवाहिनीत शिरतात आणि अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत यकृत गाठतात. तिथे एकेक परजीवी एकेका पेशीत मुक्काम ठोकतो. परजीवीच्या फाल्सिपॅरम या जातीचा हा मुक्काम साधारण ६ ते ७ दिवसांचा, व्हायवॅक्स या जातीचा ८ दिवसांच्या आसपास. तेवढ्या वेळात एका पेशीत हजारो नवे परजीवी तयार होतात, पेशी फुटते आणि ते रक्तात येऊन तांबड्या पेशींवर तुटून पडतात. थंडी, हुडहुडी, ताप हे सगळं त्यानंतरचं.

आता हिशेब पाहा. यकृतात पेशी अब्जावधी, त्यांतल्या बिघडल्या काही डझन. एवढ्याची यकृताला दादही नसते. या दिवसांत ताप नाही, दुखणं नाही, रक्ततपासणी करून घेतली तर यकृताच्या पेशींचं नुकसान दाखवणारं एसजीपीटीही नॉर्मल. आणि रक्तात उतरलेले परजीवी पुन्हा यकृताच्या पेशीत शिरू शकत नाहीत. म्हणजे परजीवी यकृतात असतो तेव्हा यकृताला त्रास नसतो आणि यकृताला त्रास होतो तेव्हा आजार रक्तात चाललेला असतो. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप जन्माला येतात.

(याच मुक्कामामुळे आणखी एक गोष्ट उलगडते. परवा गावाहून आलो आणि आज मलेरिया निघाला, तर तो त्या गावच्या परवाच्या डासाचा नव्हे. किमान आठवडाभर मागे जाऊन शोधायला हवं.)

सामान्य माणसाचं सोडा, शास्त्रज्ञही इथे बरीच वर्षं चकले होते. लॅव्हेरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात परजीवी पाहिला. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात सापडला. पण डास चावल्यापासून ताप येईपर्यंत तो असतो कुठे? जर्मन शास्त्रज्ञ शाउडिन यांनी १९०३ मध्ये सांगितलं की तो थेट तांबड्या पेशीत शिरताना आपण पाहिला, आणि पुढे कित्येक वर्षं ते खरं मानलं गेलं. माकडाच्या यकृतात परजीवीचा तो मुक्काम शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी लंडनमध्ये दाखवला, तोवर १९४८ उजाडलं होतं.

‘डोळे पिवळे झाले, म्हणजे लिव्हर गेलं’

मलेरियातल्या काविळीचा मोठा वाटा रक्ताचा असतो. परजीवी तांबड्या पेशी फोडतात, त्यांतलं हिमोग्लोबिन मोडून बिलिरुबिन बनतं आणि ते इतकं बनतं की यकृताला उपसा जमत नाही. रिपोर्टमध्ये तेव्हा ‘इनडायरेक्ट’ बिलिरुबिन जास्त दिसतं. यकृत स्वतः ठीक असतं, फक्त त्याच्यावर कामाचा डोंगर पडलेला असतो.

काही रोग्यांत, विशेषतः फाल्सिपॅरमच्या जोरदार लागणीत, यकृतही खरोखर बेजार होतं. परजीवी असलेल्या तांबड्या पेशी त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, रक्तप्रवाह मंदावतो, पित्त बाहेर टाकण्याचं काम अडतं. मग ‘डायरेक्ट’ बिलिरुबिनही वाढतं आणि एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे जातं. याला सर्रास ‘मलेरियल हिपॅटायटिस’ म्हणतात. मला हे नाव दिशाभूल करणारं वाटतं. हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये विषाणू यकृताच्या पेशींतच ठाण मांडतो, पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि एसजीपीटी हजाराच्या पुढे जातं. मलेरियात ते बहुधा काही शेकड्यांत राहतं. असं यकृत तपासलं तर ते सुजलेलं आणि परजीवीच्या काळपट रंगद्रव्याने माखलेलं दिसतं, पण पेशींचा तसा संहार सहसा नसतो. म्हणूनच मलेरिया आटोक्यात आला की हे आकडे बहुतेकांत काही आठवड्यांत उतरतात. मलेरियाने सिरॉसिस होत नाही.

मग काळजीचं कारणच नाही का? आहे, पण वेगळं. फाल्सिपॅरमच्या रोग्यात बिलिरुबिन ३ च्या वर आणि रक्तातले परजीवीही भरमसाट, अशी जोडी दिसली की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो गंभीर मलेरिया ठरतो. कावीळ तिथे धोक्याचा झेंडा असते. तिच्याबरोबर लघवी कमी झाली, रोगी गुंगीत जाऊ लागला किंवा साखर उतरली, तर त्याला रुग्णालयात आर्टेसुनेटचं इंजेक्शन मिळायला हवं. अशा वेळी हातावर डाग देणं, नाकात थेंब सोडणं, गळ्यात काविळीची माळ बांधणं यात जे एक-दोन दिवस जातात ते फार महागात पडतात, कारण फाल्सिपॅरमची पुढची पिढी साधारण ४८ तासांत तयार होते.

घरच्या घरी लक्षात ठेवण्याजोगी एक खूण आहे. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे होईतो ताप बहुधा ओसरलेला असतो. मलेरियात डोळे पिवळे झाल्यावरही थंडीताप चालूच राहतो. लेप्टोस्पायरोसिसमध्येही ताप आणि कावीळ एकत्र येऊ शकतात, म्हणून या खुणेवर निदान करायचं नाही. तापाबरोबर डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्यायचं, एवढाच तिचा उपयोग.

पथ्याबद्दल थोडक्यात. तेल-तूप तोडल्याने ही कावीळ लवकर उतरते याला आधार नाही. लिव्हर टॉनिकचंही तेच. रोग्याला खायला घालावं, कारण मलेरियात साखर घसरू शकते. गाड्यावरचा उसाचा रस मात्र नको. त्यातल्या बर्फापाण्यातून खरीखुरी हिपॅटायटिसची कावीळ येऊ शकते. दारू अर्थातच बंद. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालतं.

‘पोटात गोळा लागतो, लिव्हर वाढलंय’

हा गोळा डाव्या बरगडीखाली लागत असेल तर ती बहुधा पानथरी, म्हणजे प्लीहा. वारंवार मलेरिया झालेल्यांत पानथरी चांगलीच वाढते, इतकी की एखाद्या भागात मलेरिया किती आहे ते मोजायला पूर्वी मुलांची पोटं चाचपून पानथरी पाहत. यकृत उजवीकडे असतं. मलेरियात तेही थोडं वाढतं, पण गोळ्याचा आळ बहुतेक वेळा त्याच्यावर उगाच येतो.

‘प्रायमाक्विन लिव्हरला गरम पडतं, म्हणून बंद केलं’

सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज हा. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात शिरल्यावर वाढतच नाहीत, निपचित पडून राहतात. ते कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने तसेच राहतात आणि मग जागे होतात. नवा डास न चावताही ताप पुन्हा येतो. हे निजलेले परजीवी रक्ताच्या काचपट्टीवर सापडत नाहीत, सोनोग्राफीत दिसत नाहीत, एसजीपीटीही हलवत नाहीत. ‘सोनोग्राफीत लिव्हर क्लीन आहे’ याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

क्लोरोक्विन तीन दिवसांत रक्तातला मलेरिया मारतं, यकृतातल्या झोपलेल्यांना ते काही करत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. आपल्याकडे मोठ्या माणसाला साधारणतः रोज १५ मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. घोळ इथेच होतो. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेलेला असतो, गोळी रिकाम्या पोटी घेतली तर पोटात मुरडा येतो, आणि कोणीतरी ‘लिव्हरला गरम’ म्हणतं. उरलेली पट्टी फ्रीजवर पडून राहते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरली की खापर मात्र सोसायटीच्या टाकीतल्या डासांवर.

प्रायमाक्विनचा खरा धोका यकृताला नाही, रक्ताला आहे. जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होते, डोळे पिवळे होतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की गोळीने लिव्हर खाल्लं. असं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. हा दोष बहुधा घराण्यात चालत येतो. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत तो जास्त आढळतो. गोळी सुरू करण्याआधी त्याची रक्ततपासणी करता येते. गरोदरपणात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत.

फाल्सिपॅरमला मात्र चौदा दिवसांचा कोर्स लागत नाही, कारण तो यकृतात झोपून राहत नाही. त्यात प्रायमाक्विनचा एकच डोस देतात, तो रोग्याकडून डासाकडे जाणारं परजीवीचं रूप मारण्यासाठी. म्हणून शेजाऱ्याला एकच दिवस गोळी दिली आणि मला चौदा दिवस का, या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टवरच्या जातीच्या नावात असतं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपॅरमचा जोर, मुंबईत व्हायवॅक्सचा. रक्त चढवल्यामुळे मलेरिया झाला असेल, तर व्हायवॅक्स असूनही यकृताचा टप्पाच घडलेला नसतो. तिथे तो पुन्हा उपटण्याची भीती नाही आणि चौदा दिवसांचीही गरज नाही.

मलेरियाच्या लशीचाही संबंध यकृताशी येतो, म्हणून तिचाही थोडा खुलासा हवा. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुचवली. डासाने सोडलेला परजीवी यकृतात शिरण्याआधीच त्याला अडवणं हे तिचं काम. तिच्या रचनेत हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन वापरलेलं आहे, म्हणून ‘ही काविळीचीच लस’ असं कानावर आलं तर त्यात तथ्य इतकंच. ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते आणि ती फाल्सिपॅरमवरची आहे. मुंबईतल्या व्हायवॅक्सला अजून तरी तीच चौदा दिवसांची गोळी.