सांधा न दिसणारी जमीन

‘डूम’ हा १९९३चा व्हिडिओ गेम. त्यातल्या जमिनीचं चित्र अवघं ६४ बाय ६४ पिक्सेलचं. तेच शेजारी शेजारी मांडून अख्खी दालनं भरलेली. घरातली फरशीही अशीच बसवतात, पण फरशीला सांधा शोभतो, गेममधल्या गवताला नाही.

साधा फोटो असा शेजारी शेजारी मांडला, तर त्याची डावी कड उजवीशी जुळत नाही, म्हणून रेघ उमटते. त्यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. चित्र अर्धं आडवं आणि अर्धं उभं सरकवायचं. एका बाजूने बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत येतो. आता कडा आपोआप जुळतात, कारण मूळ चित्रात त्या एकमेकींना लागूनच होत्या. न जुळणारे सांधे मात्र मधोमध अधिकच्या चिन्हासारखे उघडे पडतात. चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन ब्रशने ते बुजवायचे, कडांना हात न लावता. ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र सरकवायची ही सोय ‘ऑफसेट’ नावाने आहे.

खरी डोकेदुखी पुढेच. एखादं पिवळं पान राहून गेलं, तर ते ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसतं आणि चोरी पकडली जाते. एका कोपऱ्यात ऊन जास्त असलं तरी तेच. म्हणून फोटो ढगाळ दिवशी, सरळ वरून काढावा. देखणा फोटो इथे कुचकामी, कंटाळवाणाच निवडा.