आजोबांच्या फियाटला रंग कोणता?

मुलांनो, अशी कल्पना करा. तुमच्या आजोबांची जुनी फियाट कितीतरी वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. आता तिचं इंजिन दुरुस्त झालंय, पत्रा ठोकून सरळ केलाय. फक्त रंग द्यायचा राहिलाय. ताई म्हणते, "लालभडक करू या!" बाबा म्हणतात, "पांढरा बरा, उन्हात कमी तापतो." आजी म्हणते, "अरे, ती आकाशी होती. मला पक्कं आठवतंय." त्यावर आजोबा, "आकाशी कुठली? फिकट हिरवी होती!"

झालं! माणसं चार आणि रंगही चार. आता खरं कोणाला विचारायचं? सोपं आहे, गाडीलाच विचारायचं!

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे फियाट ११०० ही गाडी तयार होई. हीच गाडी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत ओळखीची झाली. अशी गाडी पन्नास वर्षांत दोन-तीनदा तरी रंगवली जाते. पण घाईत रंगवणारा माणूस प्रत्येक कोपरा रंगवत नाही, बरं का! सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, काचेच्या रबराआड, डिकीत स्टेपनीच्या खाली पहिला रंग लपून बसलेला असतो. तिथे ऊनही पोचत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग विटतो. म्हणून बॉनेटवरचा रंग फसवतो आणि सीटखालचा रंग खरं सांगतो.

दुसरी युक्ती तर आणखी गमतीची आहे. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कारागीर एकाच जागी गोल गोल घासतो. मधोमध पत्रा दिसेपर्यंत घासलं, की त्याभोवती रंगीत कडी दिसू लागतात. पत्र्यालगतचं कडं प्रायमरचं, म्हणजे अस्तराचं. त्यानंतरचं पहिल्या रंगाचं. सगळ्यांत बाहेरचं शेवटच्या रंगाचं. झाडाच्या कापलेल्या खोडासारखंच हे! तिथेही जुनं वर्ष आत आणि नवं बाहेर असतं. समजा, आत फिकट हिरवं कडं निघालं आणि त्याच्या बाहेर आकाशी, तर आजी आणि आजोबा दोघंही खरे!

छपरावर आतलं कडं पिवळं आणि दारावर काळं निघालं तर? मग तुमची गाडी बहुधा एके काळी मुंबईत टॅक्सी म्हणून धावली असणार. अशा काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईत अनेक दशकं होत्या. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला.

पण हे घासायचं काम तुम्ही करायचं नाही हं! जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ अंगाला फार वाईट.

नुसत्या अंदाजावर मात्र विसंबू नका. अमेरिकेतली फोर्डची 'मॉडेल टी' म्हटलं, की सर्वांना काळी गाडी आठवते. पण फक्त काळा रंग मिळत होता तो १९१४ ते १९२५ या काळात. त्याआधी ती लाल, हिरवी, करडीही मिळे. तेव्हा १९१० सालची गाडी 'जुन्यासारखी' म्हणून काळी रंगवली, तर ती चूकच ठरेल!

मग मूळचाच रंग द्यायला हवा का? तशी सक्ती नाही. गाडी आपली, आवड आपली. पण आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला, तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. आणि जुन्या जीपला लष्करासारखा ऑलिव्ह हिरवा रंग द्यायचा मोह झाला, तर तो आवरा. आपल्या देशात तो रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

रंग पसंत करताना दुकानातल्या नखाएवढ्या नमुन्यावर जाऊ नका. एक प्रयोग करून पाहा. एकाच रंगाच्या कार्डपेपरचा छोटा तुकडा आणि मोठा कागद घ्या. दोन्ही आधी उन्हात, मग सावलीत, मग रात्री दिव्याखाली पाहा. एकच रंग किती वेगवेगळा दिसतो ते वहीत लिहा. म्हणूनच हुशार कारागीर आधी पत्र्याचा एक मोठा तुकडा रंगवून उन्हात धरतो.

आणि आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. गाडी एकदा सगळीकडून पत्र्यापर्यंत घासली, की ती कडी कायमची गेली. आजीने पाहिलेला आकाशी रंग मग जगात कुठेच उरत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी त्या कड्यांचा फोटो काढा. रंग कोणताही द्या, लाल द्या, पांढरा द्या, पण सीटखाली हाताच्या पंजाएवढी जागा जुन्याच रंगाची राहू द्या. पुढे कधी तुमची नातवंडं याच गाडीवरून भांडतील, तेव्हा त्यांनाही गाडीला विचारता आलं पाहिजे, नाही का?