हरणासाठी ‘हलकी’ गोळी कोणती? दातिवऱ्याहून आलेला प्रश्न

हा या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये इयरफोन घरी विसरला असाल तर निवांत वाचून काढा.

परवा दातिवऱ्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. “दादा, यूट्यूबवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघतो. हरणासाठी लाइट कार्ट्रिज म्हणतात ते कोणतं? आणि पॉइंट टू-टूने हरीण पडतं का?”

प्रश्न सरळ आहे, तर उत्तरही सरळ देतो. पॉइंट टू-टूने नाही. आणि आपल्याकडे कशानेच नाही. का, ते एकेक करून बघू.

काडतूस म्हणजे काय?

आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, पण काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बाहेर उडते ती फक्त गोळी.

आता गंमत बघा. .22 ची गोळी साधारण 5.7 मिलिमीटर जाड. अमेरिकेत हरणासाठी ‘हलकं’ म्हणून चालतं ते .243 विंचेस्टर, 1955 साली आलेलं. त्याची गोळी 6.2 मिलिमीटर. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! मग एक चालतं आणि दुसरं का नाही?

कारण वेग. शाळेतलं सूत्र आठवा: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. .22 ची गोळी सुमारे 2.6 ग्रॅमची, नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण 325 मीटर. ऊर्जा होते 140 ज्यूलच्या आसपास. .243 ची गोळी साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला 900 मीटर. ऊर्जा 2600 ज्यूल. म्हणजे अठरा-एकोणीस पट. हलकं म्हणायचं ते खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या हिशोबाने. जनावराच्या हिशोबाने ते हलकं नसतं.

कायदा आकडे का ठरवतो?

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेसुद्धा ‘मनात येईल ती गोळी’ चालत नाही. इंग्लंडमध्ये 1991 च्या हरणांच्या कायद्यात बहुतेक हरणांसाठी किमान .240 इंच कॅलिबर आणि साधारण 2300 ज्यूल ऊर्जा लागते. आपल्या भेकराचा चुलतभाऊ मुंटजॅक छोटा, म्हणून त्याच्यासाठी थोडी सूट. अमेरिकेतल्या कोलोरॅडोतही .24 च्या खालची रायफल हरणावर चालवता येत नाही.

यामागे एकच विचार आहे. जनावर मारायचंच असेल तर ते क्षणात मरायला हवं. कमी ताकदीची गोळी लागली की हरीण पडत नाही, पळतं. मग कुठेतरी झुडपात तासन् तास, कधी दिवसभर तडफडतं. मारणाऱ्याला ते सापडतही नाही.

गोळीची बनावटही तितकीच महत्त्वाची. पूर्ण धातूने मढवलेली गोळी आरपार जाते आणि बारीक भोक पाडते. पातळ कवचाची, छोट्या प्राण्यांसाठी बनवलेली गोळी वरच्यावर फुटते. म्हणून तिकडे हरणासाठी मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी गोळी वापरतात. थोडक्यात, ‘कुठलं काडतूस’ हा प्रश्न खरं तर ‘जनावर किती वेळ तडफडणार’ असा आहे.

आणि गोळी चुकली तर?

व्हिडिओत हे दाखवत नाहीत. साध्या .22 ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. .243 सारखी तर तीन किलोमीटरच्याही पुढे. आपल्याकडे तीन किलोमीटरमध्ये किती पाडे, वाड्या, शेतात राखणीला बसलेली माणसं येतात, मोजून बघा.

हे आपल्या जिल्ह्यात घडलंय. 2025 च्या जानेवारीअखेर मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली गेली. माणूस गेला. घाबरून मृतदेह झुडपात लपवला गेला, आणि पुढे पोलिसांनी गावकऱ्यांना ताब्यात घेतलं. तिथे काडतूस कुठलं होतं याने काय फरक पडला? समोर नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. जगभर बंदूक शिकवताना हा नियम शिकवतात.

आपल्याकडचा कायदा

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर सगळ्यांच्या शिकारीला बंदी आहे. फासा लावणं, हाका करून जनावर हाकणं, नुसता प्रयत्न करणं, हेही कायद्याने ‘शिकार’च. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. शिवाय परवान्याशिवाय बंदूकच काय, काडतुसं बाळगणं हासुद्धा वेगळा गुन्हा. ‘मित्राची होती, मी फक्त धरली होती’ हे कोर्टात चालत नाही.

“पण डुकरं भात खातात त्याचं काय?” हा राग खरा आहे. त्यासाठी वनखात्याकडून पंचनामा करून नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर 1926. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मग नेमबाजीची हौस?

ती जरूर भागवा! .22 ची खरी जागा रेंजवर आहे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच छोट्या काडतुसावर. सुरुवात 10 मीटर एअर रायफलने होते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. सफाळ्याहून लोकल पकडली की दादर गाठता येतं, तिथून पुढे वरळी.

तर दातिवऱ्याच्या भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: .22 कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी. आणि भेकर दिसलंच तर मोबाइल काढ, फोटो घे आणि आम्हाला पाठव. पुढच्या भागात भेटू!